आईच्या नावेतून

लेक घरी परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून नावेत बसणारा प्रत्येक माणूस नाववालीला एकच गोष्ट विचारायला लागला. कोणी सरळ विचारी, कोणी वळसा घालून. भाजीची पाटी घेऊन पलीकडे जाणारी बाई म्हणे, "बरी आहे ना गं पोर? जेवते ना?" आणि मग पाटी मांडीवर सारखी करत, "पण काय गं, तोंड तर होतं ना तिला?" दूधवाला म्हणे, "आपण काय, परके. पण लोक बोलतात हो." लोक म्हणजे तोच, हे त्यालाही ठाऊक होतं.

नाववाली उत्तर देत नसे. तिला एक सोय होती. काठ सुटून नाव जरा आत गेली की नदीची धार लागे, आणि धारेत कोणी बोलायचं नाही ही नाव लागायच्या त्या उताराची जुनी रीत होती. या काठापासून त्या काठापर्यंत जाड लोखंडी तार ताणलेली. नाव दोन कड्यांनी त्या तारेला अडकवलेली. हातातल्या लाकडी दांडक्याची खाच तारेवर बसवायची, सगळं अंग त्यावर टाकायचं आणि नावेच्या नाकापासून शेपटापर्यंत चालत जायचं. परत पुढे यायचं, पुन्हा खाच बसवायची. पाणी चढलेलं असलं की तार भुणभुणते. भुणभुण जाड आहे तोवर भीती नाही. ती बारीक झाली, कानाशी डास आल्यासारखी, की दांडका ढिला सोडून नाक प्रवाहाकडे वळू द्यायचं. नाही तर कडी तुटते आणि नाव भलतीकडेच निघते. हे ऐकू यावं म्हणून सगळ्यांनी गप्प बसायचं. रडणारं तान्हं मूलसुद्धा आया तिथे छातीशी दाबून धरत. नाववालीच्या लेकीने आयुष्यातला पहिला धपाटा याच कारणावरून खाल्ला होता. पाण्यातला मासा दिसला म्हणून ती धारेत किंचाळली होती.

घर उताराच्या वरच होतं, दोन खोल्यांचं. लेक आतल्या खोलीत असे. ऊठ म्हटलं की उठे, जेव म्हटलं की जेवे. भांडं घासायला दिलं तर पुरे म्हणेपर्यंत तेच भांडं घाशी. पूर्वी एक सांगितलं तर दोन ऐकवणारी पोर ती. एकदा नाववाली पाणी आणायला म्हणून गेली आणि काठावर कोणी अडवलं म्हणून तिला उशीर झाला, तर ही ताटावर बसलेली तशीच. जेव म्हणायला कोणी नव्हतं. भातावर माश्या बसल्या होत्या.

"अगं, खायचं ना!"

"हो," म्हणाली आणि खायला लागली.

पोर घरी आली होती खरी, पण पुरती आली नव्हती.

ती गेली होती उन्हाळा सरताना. तेव्हा नदी आटलेली, नाव काठावर पालथी घातलेली, तिला डांबर द्यायचं होतं. डांबराचा डबा आणायला लेक वाळूतून चालत पलीकडच्या बाजाराला गेली आणि आलीच नाही. मग शोधाशोध. शोधायला सगळ्यांत पुढे कोण, तर इंजिनवाला. दोन्ही काठांवरचे पंप, गिरणीचं इंजिन, जे म्हणून बंद पडेल ते तोच चालू करायचा. एक लांब पाना कायम त्याच्या हातात. त्याने लेकीला मागणी घातली होती आणि नाववालीने नाही म्हटलं होतं. नवऱ्याने विचारलं होतं, "का गं? कमावता आहे." तर ही म्हणाली, "इंजिन चालू झालं नाही की लाथ घालतो तो त्याला. इंजिनाला काय कळतंय?" एवढंच कारण. पण त्याने ते मनाला लावून घेतलं असं कधी दिसलं नाही. मावशी-मावशी करत तो विहिरींत वाकून बघत होता, झुडपं काठीने बाजूला सारत होता. त्याच्यावर संशय घेईल असा माणूस दोन्ही काठांवर नव्हता. घेतला असता, तर पंप कोणी चालू केला असता?

शोधाच्या त्या दिवसांत नाववालीला वेड लागायचंच बाकी होतं. पाठमोरी कोणी तेवढ्या उंचीची दिसली की तिचे पाय आपोआप वळत. एकदा भर बाजारात डोक्यावरून चादर घेतलेल्या एका बाईच्या मागे ती धावली आणि चादर ओढून काढली. निघाली भलतीच. तिने नाववालीच्या थोबाडीत दिली. वर म्हणाली, "लेक सांभाळता येत नाही, आणि लोकांच्या सुनांच्या तोंडावरचं कापड ओढते!" लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली. नाववाली धुळीत बसली होती, तिला कोपराला धरून उठवलं ते इंजिनवाल्याने. कपडे झटकायला फडकं दिलं. गाडीवर बसवून नदीच्या कडेपर्यंत आणलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, असं कुणाच्याही अंगावर हात नका टाकू. दर वेळी मी नसणार सोडवायला."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता पुरे. मान खाली घाल आणि नाव ओढ." त्याचा उजवा हात पूर्वी तारेत सापडला होता, तो खांद्यापासून लोंबतच असे. तो दिवसभर उतारावर खोक्यावर बसायचा आणि डाव्या हाताने लोकांना चढ-उतार करायला मदत करायचा. त्याच्या सांगण्यात राग नव्हता, थकवा होता. नाववालीने मान खाली घातली. पाऊस लागला, नदी भरली, नाव पाण्यात गेली. नावेत चादरवाल्या आल्या, बुरखेवाल्या आल्या, डोक्यावर पोतं घेतलेल्या आल्या. तिने एकीचंही तोंड पाहिलं नाही.

आणि त्याच दिवसांत, पाणी चांगलं चढलेलं असताना, तिने आपली लेक स्वतःच्या नावेतून, स्वतःच्या हाताने ओढून अलीकडे आणली होती. इंजिनवाल्याच्या आत्याबरोबर. डोक्यापासून कमरेपर्यंत जाड चादर. आत्या म्हणाली होती, "माझी सून. अंगात ताप आहे, वारं लागायला नको." नाववालीला तेव्हा ना आत्या माहीत होती, ना सून. पुढे आत्याच्या गावात ताप खरंच चढला तेव्हा सुई टोचायला आलेल्या नर्सबाईने दाराला बाहेरून कडी पाहिली, पोरीच्या मनगटावरचे वळ पाहिले आणि कोणाला न सांगता सरळ पोलीस ठाणं गाठलं. पोरीने नर्सबाईलाही काही सांगितलेलं नव्हतं. नर्सबाईने नुसतं पाहिलं, तेवढं पुरलं. पोलिसांनी पोरीला घरी आणून सोडलं.

पण आता इंजिनवाला ठाण्यात बसून वेगळंच सांगत होता. म्हणे आमचं ठरलेलं होतं, ती आपणहून आली, आम्ही हार घातले, ती माझी बायको आहे. आई-बाप तयार नव्हते म्हणून लपून राहिलो. "नाही तर तिच्या आईच्याच नावेतून आणली असती का? नाव भरून माणसं साक्षीला आहेत. विचारा, ती ओरडली का."

ठाण्यातला शिपाई उतारावर येऊन निरोप देऊन गेला. "उद्या सकाळी सगळ्यांनी यायचं. साहेब मुलीला एकच विचारणार आहेत. धड सांगता आलं तर ठीक. नाही तर तो सुटणार, आणि बायको म्हणून हिला मागणार. गिरणीवाल्यालाही बोलावलंय, तो होता म्हणे त्या दिवशी नावेत."

दुपारी पाऊस उघडला. नाववाली अंगणात नाव बांधायचा दोर वळायला बसली. जुन्याचे पेड उसवले होते. तिने लेकीला हाक मारली, दोराचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि ताणून धरायला सांगितलं. नवरा पायरीवर बसून बघत होता.

"उद्या साहेब विचारणार," नाववाली पीळ घालत म्हणाली.

"हं."

"काय सांगशील?"

"तू सांग, काय सांगू ते."

नाववालीने दोर मांडीवरून फेकून दिला. "मी सांगू? मी काय सांगू? मी होते का तिथे?"

"होतीस ना," लेक म्हणाली. "तूच तर ओढत होतीस."

लेकीने आपल्या हातातलं टोक सोडलं नव्हतं. तिला कोणी सोड म्हटलं नव्हतं.

"आई, मी ओरडणार होते," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, जणू दुसऱ्या कोणाचं सांगते आहे. "पलीकडे नावेत पाय ठेवला तेव्हाच ओरडणार होते. मग म्हटलं, एवढे लोक चढतायत, धक्काबुक्की होईल. नाव सुटली की ओरडू. सुटली तर धार लागली. धारेत कसं ओरडायचं? तू तार ऐकत होतीस. पाणी केवढं होतं त्या दिवशी. म्हटलं, धार संपली की. तुझ्या कपड्यांचं पाणी माझ्या गुडघ्यावर गळत होतं, जाताना एकदा, येताना एकदा. मी मोजायचं ठरवलं, आता आई मागे गेली की पुढे येताना. मग पुढच्या फेरीला. धार संपली तर काठ दिसला, आणि काठावर तो."

"कोण?" बापाने विचारलं.

"इंजिनवाला. आधीच्या खेपेला आला होता ना तो? तुमच्या शेजारी खोक्यावर बसला होता. तुमच्या या खांद्यावर हात होता त्याचा. त्याच हातात पाना."

बाप आपल्या दुखऱ्या खांद्याकडे बघायला लागला. "हो," तो म्हणाला. "बसला होता. म्हणाला, काका, थंडीने दुखतो का खांदा? मला वाटलं, बरा माणूस आहे. विचारतो तरी."

"त्याने मला आधीच सांगितलं होतं. म्हणाला होता, एक हात आहे तुझ्या बापाला, तोही जाईल. बाबा, तुम्ही हसत होता त्याच्याशी."

"मग?"

"मग तुम्ही मला हात दिलात. उतरायला."

बापाने डावा हात मांडीवरून उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत मांडीवर ठेवला. तो दिवसाला किती जणांना हात द्यायचा. त्यातला हा कुठला होता, ते त्याला आठवत नव्हतं.

नाववालीला हे ऐकून एका बाजूने हायसं वाटलं. म्हणजे बापासाठी गप्प बसली पोर. हे सांगता येईल. हे कोणीही समजेल. ती घाईने म्हणाली, "बस, हेच सांग साहेबांना. बापाच्या जिवाला भ्यायले, म्हणून. दुसरं काही बोलू नकोस."

"पण तेवढंच नाहीये ते," लेक म्हणाली.

"आणखी काय?"

लेक दोराच्या टोकाचे धागे सोडवायला लागली. "आत्या रोज सांगायची, घरच्यांनी तुझं नाव टाकलं. शोधणं बंद केलं. आता गेलीस तरी दारात उभं करणार नाहीत. मी म्हणायची, खोटं आहे. मग नावेत चढताना तू माझ्या पायाकडे बघितलंस."

फेकलेला दोर उचलायला वाकलेली नाववाली तशीच राहिली.

"बघितलंस ना? मी मधल्या फळीवर पाय दिला. बाकी सगळे नावेच्या काठावर देतात, नाव कलते, तू ओरडतेस. मी मधल्या फळीवर दिला, आणि तू माझ्या पायाकडे बघितलंस. मला वाटलं, ओळखलं. आता चादर ओढेल. आणि तू तोंड फिरवून दांडका उचललास. मग मी म्हटलं, आत्या बोलते ते खरं आहे."

शेजारच्या झाडावरून साचलेलं पाणी टपटपत होतं. नाववालीला तो पाय आठवला. आठवला म्हणजे काय, तो कधी विसरलाच नव्हता. तिने तो कुठेतरी खाली दाबून ठेवला होता. अनवाणी, चिखलाने भरलेला पाय, नेमका मधल्या फळीवर. मनात आलं होतं, ही नावेत वावरलेली दिसते. पुढचा विचार यायच्या आत बाजारातली ती चपराक आठवली, ती शिट्टी आठवली, आणि तिने मान वळवली होती.

ती उठून आत गेली, चुलीपाशी उभी राहिली, परत बाहेर आली. मग चपला घालून गिरणीकडे निघाली.

गिरणीत इंजिनाची धडधड चालू होती. गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा होऊन पट्ट्यावर लक्ष ठेवून उभा होता. गावातला थट्टेखोर माणूस. तिला बघून तो ओरडला, "या वहिनी! दळण कुठाय? की आज मलाच दळणार?"

"भाऊ, उद्या ठाण्यात काय सांगणार आहात?"

"जे बघितलं ते. नाव बघितली, पाणी बघितलं. आणखी काय असतं नदीत?"

"माझी पोर बघितलीत?"

"पोर कुठे? चादर बघितली." तो हसला, पण हसू मधेच अडकलं. त्याने इंजिनावरून फडकं फिरवलं, जिथे पुसायचं काही नव्हतं. "हे बघा वहिनी, हे इंजिन त्याच्याच हातचं आहे. दुसऱ्या कोणाला त्याचे नखरे कळत नाहीत. तो आत गेला तर माझं इंजिन पण आत गेलं समजा. मी खोटं थोडंच सांगतोय? गप्पच बसली होती ती. सासरी जाणारी बसते तशी."

"अनवाणी?"

गिरणीवाला पट्ट्याकडे बघत राहिला.

"सासरी जाणारी अनवाणी जाते का, भाऊ? एवढ्या पावसात?"

"माझ्या समोरच बसली होती," तो शेवटी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात तिला कान पुढे न्यावा लागला. "चादर जरा सरकली. मनगटावर दोरीचा वळ होता, बैलाच्या मानेवर असतो तसा. मला वाटलं, सांगावं कोणाला तरी. मग म्हटलं, धारेत आहोत. काठावर बोलू. काठावर म्हटलं, आजारी सून आहे, वेडबीड लागलं असेल, बांधून ठेवलं असेल. दुसऱ्याच्या घरातलं. आपण कोण?"

"म्हणजे तुम्हीही आता बोलू, मग बोलू, करत राहिलात."

"काय?"

"काही नाही," नाववाली म्हणाली. "तेच माझ्या पोरीनं केलं. तिला सगळे विचारतात. तुम्हाला कोणी विचारलं नाही अजून."

तिच्या अंगावर पीठ बसलं होतं. वाटेत ते झटकायचंही तिला सुचलं नाही.

ठाण्यातली खोली अरुंद होती. एका भिंतीशी बाक, त्यावर इंजिनवाला आणि त्याची आत्या. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, हातात पाना नव्हता म्हणून ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. साहेब थकलेले दिसत होते. समोर चहा निवत होता. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी लेकीला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "मला एवढंच सांग. नावेत तुझी आई होती, काठावर वडील होते, ओळखीची माणसं होती. तू हाक का मारली नाहीस?"

लेक खाली बघत होती. नाववालीला वाटलं, आता ही म्हणेल, काय सांगू ते सांगा.

"साहेब," इंजिनवाला बाकावरून नम्रपणे म्हणाला, "मी अडाणी माणूस. पण चोर चोरलेला बैल मालकाच्या दारावरून नेईल का?"

आत्याने मान हलवली. "आणि काय हो, लहानपणी ठेच लागली तरी अख्खा काठ गोळा करायची म्हणतात ही. तेव्हा गळा होता. आता कुठे गेला?"

"नेईल," नाववाली म्हणाली.

साहेबांनी वर पाहिलं. "बाई, तुम्हाला नंतर विचारतो."

"नंतर मला बोलता येणार नाही, साहेब. आत्ताच विचारा." तिने बाकाकडे बोट केलं. "चोर बैल मालकाच्या दारावरून नेईल, जर त्याला ठाऊक असेल की मालकीण मान वर करणार नाही. याला ठाऊक होतं. बाजारात मी एका बाईची चादर ओढली, तिने मला मारलं, सगळे हसले, तेव्हा हाच मला उचलायला आला. पुन्हा असं करू नका म्हणून यानेच सांगितलं. मी पुन्हा केलं नाही. हे त्याने बघितलं, आणि मगच पोर माझ्या नावेत बसवली. लोकांना दाखवायला."

इंजिनवाला हसला. "मावशी, तुमच्यावर उपकार केले तेही वाईट?"

"थांब," साहेब त्याला म्हणाले.

"आणि साहेब, तुम्ही तिला विचारता, हाक का मारली नाही. मला विचारा. मी तिचा पाय बघितला. आपल्या पोटच्या पोरीचा पाय. आत कुठेतरी कळलं मला. आणि मी हाक मारली नाही. माझ्या मनगटाला दोरी नव्हती, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर पाना आहे हे मला दिसत नव्हतं, मला काही कोणी धमकावलं नव्हतं. फक्त पुन्हा हसतील म्हणून मी गप्प बसले. तर तिनं का बसू नये?"

लेक आईकडे बघत होती. परत आल्यापासून पहिल्यांदा ती कोणाच्या तरी तोंडाकडे सरळ बघत होती.

"तू ओळखलं होतंस?" ती म्हणाली.

"जरासं. केसाएवढं."

"म्हणजे मी नको होते म्हणून नव्हतं?"

"नाही गं. नाही. घाबरले मी."

लेकीने मान हलवली. मग साहेबांकडे वळून, कोणी न सांगता, ती बोलायला लागली. पलीकडे आधी कोंडलं ते इंजिनाचं खोपट, दोरी, आत्याचं रोजचं बोलणं, बापाच्या खांद्यावरचा हात. मधे ती अडखळली, मागे गेली, पुन्हा सांगितलं. आत्या "खोटं, साफ खोटं" म्हणत होती. शेवटी लेक म्हणाली, "मी का ओरडले नाही ते मला अजून पूर्ण माहीत नाही, साहेब. रोज वेगळं कारण सापडतं. पण मी आपणहून गेले नाही. एवढं मला माहीत आहे."

साहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या गिरणीवाल्याकडे पाहिलं. आज तो अंघोळ करून आला होता, ओळखूच येत नव्हता. "तुम्ही काय म्हणता? गप्प बसली होती?"

गिरणीवाल्याने एकदा इंजिनवाल्याकडे पाहिलं. इंजिनवाल्याने भुवई उडवली, जुन्या मित्राकडे उडवावी तशी.

"गप्प बसली होती," गिरणीवाला म्हणाला. नाववालीने डोळे मिटले. "पण साहेब, मीही गप्पच बसलो होतो. अख्खी नाव गप्प बसली होती. तिच्या मनगटावर वळ होता. मी बघितला. लिहा."

"बघून घेईन," इंजिनवाला दात दाबून पुटपुटला.

"घे बघून," गिरणीवाला म्हणाला. वर जोडलं, "गिरणी हाताने फिरवीन. तेवढंच वजन उतरेल माझं."

साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि इंजिनवाल्याला व त्याच्या आत्याला आत न्यायला सांगितलं. जाताना त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. आत्या मात्र शिव्या देत होती. साहेबांनी निवलेला चहा बाजूला सारला. लेकीला म्हणाले, "पुढे न्यायालयात पुन्हा हेच विचारतील. त्याचा वकील याहून वाईट विचारील."

"विचारू दे," लेक म्हणाली.

ती तिघं उतारावर परतली तेव्हा काठावर ही गर्दी. सकाळपासून नाव बंद होती. पोती, पाट्या, एक शेळी, बाजाराला उशीर झालेले लोक. कोणी कुरकुरत होतं, पण यांना बघून कुरकुर खाली आली आणि सगळे बाजूला झाले. सगळ्यांच्या तोंडावर तोच प्रश्न होता, आणि आज कोणाला तो विचारायचा धीर होत नव्हता. नवरा खोक्याकडे गेला. नाववाली खुंट्याशी वाकली; तिच्या हातांना गाठ सुटत नव्हती.

लेक घराकडे वळली नाही. ती आईशेजारी उकिडवी बसली आणि तिने गाठ सोडवली.

गर्दीच्या पुढे एक म्हातारी होती, लांबच्या कुठल्या तरी वस्तीवरची. तिला कोणाचं काही माहीत नव्हतं. सकाळपासून बसून तिचे गुडघे आखडले होते. ती लेकीवर खेकसली, "काय गं पोरी, जाणार आहे का नाव पलीकडे, की आम्ही पोहत जायचं?"

काठावर सगळे अवघडले. भाजीवालीने म्हातारीला कोपराने ढोसलं.

"जाणार, आजी," लेक म्हणाली. "बसा. पण काठावर पाय नका देऊ, मधे द्या." आणि तिने हात पुढे केला.